ग्रिझली बघायला बोटीतून जाताय? या चुका टाळा

जूनमध्ये नाशिकच्या आत्याला घेऊन प्रिन्स रूपर्टहून खुट्झीमटीनच्या खाडीत गेलो होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, अलास्काच्या सीमेजवळ, ग्रिझली अस्वलांसाठी 1994 साली राखून ठेवलेलं हे अभयारण्य. आत्या अर्धा तास कठड्याशी उभी राहून बघत होती. मग हळूच म्हणाली, "अरे, हे मासा कधी पकडणार?"

चूक तिची नव्हती. येण्याआधी तिला फोटो मीच दाखवले होते: प्रवाहात उभं अस्वल, जबड्यात तडफडणारा साल्मन. जूनमध्ये इथे ते दिसत नाही. थंडीची झोप संपवून आलेली अस्वलं मे ते जुलै नदी खाडीला मिळते तिथे चक्क गवत चरतात. सेज म्हणतात त्याला, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं. कोवळं असताना त्यात प्रथिनं भरपूर. इंजिन बंद झालं की ते उपटल्याचा कर्र-कर्र आवाज बोटीपर्यंत येतो. आत्याचं मत: "ही तर आपली म्हैस!"

मासेमारीच बघायची असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात धरा आणि जागाही बदला. बोटीने नाइट इनलेटमधल्या ग्लेनडेल कोव्हला किंवा ब्यूट इनलेटमधल्या ऑरफर्ड नदीवर जायचं आणि तिथल्या मचाणांवरून बघायचं. तिकीट काढण्याआधी "या तारखांना अस्वलं काय खात असतात?" एवढं विचारलंत तरी निम्मी निराशा टळेल.

भरतीचं वेळापत्रक न बघणं

ही चूक कोकणातल्या माणसाने तरी करू नये. प्रिन्स रूपर्टला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सात मीटरपर्यंत जातो, म्हणजे दोन मजले पाणी चढतं आणि उतरतं. ओहोटीला अस्वलं खडकांवर उतरतात, दगड उलटे करून खेकडे शोधतात, शिंपले फोडतात. बघायला बहार, पण पाणी उथळ झाल्यामुळे बोटीला लांब थांबावं लागतं. शिवाय बोट खाली गेलेली आणि गवताचा काठ वर, त्यामुळे वर चरणाऱ्या अस्वलाची नुसती पाठ दिसते. भरतीला बोट गवताच्या पातळीवर येते आणि अस्वलाच्या डोळ्याला डोळा भिडतो. मला विचाराल तर चढत्या पाण्याची फेरी घ्या. पंचांग जवळ असेल तर तेही बघा: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती.

फोटो हलतात, काळे येतात, धुरकट येतात

हलण्याचं कारण बहुतेकदा हात नसतो. कठड्यावर कोपर टेकवलं की इंजिनची थरथर थेट लेन्समध्ये जाते. ट्रायपॉडचंही तेच. कॅमेरा हातात धरा, गुडघे सैल ठेवा, शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान लावा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला कशालाच उपयोगी पडत नाही.

अस्वलाच्या मागे चमकतं पाणी असेल तर कॅमेरा त्याला काळा ठिपका करून टाकतो. एक्स्पोजर थोडं वर न्या. मागे देवदारांचा अंधार असेल तर उलट होतं, खाली आणा. फोकस गवताच्या पात्यांवर अडकत असेल तर एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा. चरणारं अस्वल मान वर करतं ते एक-दोन सेकंदच. बटणावर बोट ठेवून वाट बघायची तयारी हवी.

धुरकटपणा मात्र माझा स्वतःचा. कॅमेरा उबदार केबिनमधून गार धुक्यात आणला, की पाच मिनिटांनी लेन्स पुन्हा आत नेली, असं दिवसभर चाललं होतं. आत येताच गार काचेवर दव साचायचं. पुसलं, पुन्हा आलं. उपाय साधा आहे: कॅमेरा बाहेरच, पावसाच्या आवरणात ठेवा. सुकं फडकं दोन तरी घ्या, एक भिजतंच.

बोटीत वागताना

"तो बघ, तो बघ!" ही ताडोबाच्या जिप्सीतली आरोळी इथे पाण्यावरून सरळ काठावर पोचते. पिल्लंवाली मादी असेल तर ती उठून झाडीत जाते, आणि मग साऱ्या बोटीचे डोळे तुमच्याकडे. सगळे एकाच बाजूला धावलात तर बोट कलते आणि कप्तान ओरडतो. "अजून थोडं जवळ घ्या ना" असा आग्रह धरू नका. अंतर गाईड अस्वलाच्या वागण्यावरून ठरवतो. खाण्याचं काहीही पाण्यात टाकू नका, केळ्याचं सालसुद्धा नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल इथे अनेकदा मारावं लागतं.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. बोट लागत असेल तर बोट सुटण्याआधीच औषधाची गोळी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

रंगावरून ग्रिझली ओळखायला जाऊ नका. 'काळं अस्वल' (ब्लॅक बेअर) ही वेगळी जात, पण तेही तपकिरी असू शकतं. ग्रिझलीच्या खांद्यावरचा उंचवटा बघा.

आणि परतताना केबिनमध्ये बसून फोटो उडवू नका. मी तेच करत होतो. छोट्या स्क्रीनवर हललेले वाटलेले दोन-तीन बरे फोटो त्यात गेलेच, आणि बाहेरून आत्याची हाक आली. हंपबॅक व्हेलने शेपूट वर काढली होती. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा पाणी पुन्हा सपाट झालं होतं.