पेपरातलं कार्टून: आधी नीट पाहा, मग चारचौघांत न्या

पेपरातली कार्टूनची पट्टी दहा सेकंदांत वाचून होते आणि लोक पान उलटतात. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे, नागपुरात खामल्यात राहते. रोज सकाळी पट्टीला मी निवांत वेळ देते आणि मग तिच्यावर बोलायला माणसं गाठते. पाहणं आणि बोलणं, दोन्ही कसं करायचं ते सांगते, कारण एकावाचून दुसऱ्याला पुरती मजा नाही.

पेपर हातात आला की लगेच फुग्यांतलं, म्हणजे पात्रांच्या तोंडचं, वाचू नका. अंगठ्याने फुगे झाका आणि नुसती चित्रं पाहा. कोण कुठे उभं आहे, कोणाचं तोंड कुणीकडे आहे, मागे खिडकी काढलीय की कोरा कागद सोडलाय. एवढ्याशा जागेत चित्रकार उगाच रेघ ओढत नाही. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' घ्या. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, आणि तोंडातून एक शब्द नाही. 1951 पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त तो कित्येक वर्षं भेटत राहिला. बोलायचे ते पुढारी, अधिकारी, शेजारीपाजारी. हा मात्र कुठेतरी उभा असायचा. तो कुठे आहे ते आधी शोधायचं आणि मग खालची ओळ वाचायची. ओळ तीच, पण तो कोपऱ्यातून बघतोय हे कळल्यावर वेगळी लागते. शि. द. फडणीसांच्या हास्यचित्रांत तर बहुतेक वेळा शब्दच नसतात. नुसतं पाहायची सवय लावायची असेल, तर सुरुवात तिथून करावी.

आता फुगे वाचा, पण शेवटच्या चौकटीआधी थांबा. समजा, तिसऱ्या चौकटीत पोरगा बॅट घेऊन उभा आहे आणि चौथीत तो पलंगाखाली लपलाय, नुसते पाय दिसताहेत. मधे काच फुटली, कोणीतरी ओरडलं, पोरगा जिना चढून पळाला. यातलं काहीच कागदावर नाही. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत ते तुम्ही स्वतः घडवलं. माझ्या मते पट्टीचा सगळा जीव त्या फटीत आहे. म्हणून तिथे घाई करायची नाही. तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवा, पुढे काय होईल ते मनात ठरवा, मग बोट काढा. अंदाज बरोबर आला तरी आनंद, चुकला तरी आनंद.

अमेरिकेतल्या चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही पट्टी 2 ऑक्टोबर 1950 ला सुरू झाली तेव्हा तिला चार सारख्या चौकटी दिलेल्या होत्या. कारण साधं होतं, संपादकाला जशी जागा मिळेल तशी पट्टी आडवी, उभी किंवा दोनावर दोन लावता यावी. या अडचणीच्या मापातून शुल्झ यांनी एक संथ चाल काढली आणि 2000 सालापर्यंत 17,897 पट्ट्या मदतनीस न घेता एकट्याने काढल्या. त्यांच्या पट्टीत ल्यूसी नावाची मुलगी दरवर्षी चार्ली ब्राउन या मुलासाठी बॉल धरून बसते आणि तो लाथ मारायला धावत आला की बॉल काढून घेते. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. तरी वाचायचं ते एवढ्यासाठी, की या वर्षी ती त्याला कसं पटवते. रोजची पट्टी वाचणाऱ्याला हे सुख मिळतं, अधूनमधून वाचणाऱ्याला नाही.

त्यामुळे नेम ठेवा. रोज एक. पुस्तक आणलं तरी एका बैठकीत फडशा पाडू नका. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 21 नोव्हेंबर 1991 ला पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झाला. माझी नणंद पुण्याहून त्याची कात्रणं पत्रासोबत पाठवायची. गठ्ठा यायचा, पण मी रोज एकच काढायचे. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी त्यामुळे आमच्या घरात रोज येऊन-जाऊन असल्यासारखी झाली. मुलं शाळेतून आल्यावर पहिलं विचारायची, आज बगळ्याने काय केलं?

आता माणसांचं. आमच्या अपार्टमेंटमध्ये घरोघरी पेपर वेगळा. मे महिन्यात नागपूरचं ऊन सकाळी सातलाच अंगावर येतं, म्हणून कूलरमध्ये पाणी भरायची वेळ सगळ्यांची एकच, उजाडताना. पाइप कूलरमध्ये सोडला की हात मोकळे. तेव्हाच गेटजवळच्या ओट्यावर आम्ही जमतो. ज्याच्या पेपरात पट्टी असेल त्याने ते पान आणायचं. तुमच्याकडे ओटा नसेल तर फिरायला जाणाऱ्यांत बघा, सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर बघा, नाहीतर वाचनालयात पेपरांच्या टेबलाशी बघा. एक माणूस मिळाला तरी पुरे.

बोलताना एक पथ्य मी फार कडक पाळते: ज्याने वाचलं नाही त्याला शेवटची चौकट सांगायची नाही. पान त्याच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. वरच्या मजल्यावरच्या काकांना हे जमत नाही. "काकू, शेवटी तर तो..." असं त्यांनी सुरू केलं की तळमजल्यावरची कॉलेजातली मुलगी कान झाकते, "थांबा नं काका, मी वाचून राहिली!" काका थांबतात. ती वाचते. मग तिचा चेहरा बघायला मिळतो, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर विनोद उमटताना बघणं हे मला स्वतः वाचण्याइतकंच आवडतं.

विनोद समजावून सांगू नका. कोणाला कळला नाही, तर विचारा, "तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधे काय झालं असेल?" माणूस बोलायला लागतो. आणि गंमत अशी, की प्रत्येकाने तिथे वेगळंच काहीतरी घडवलेलं असतं. बॅटवाल्या पोरावर काका म्हणतील, बापाने धरलं असेल. मुलगी म्हणेल, नाही, तो आधीच पळाला. गप्पा रंगतात त्या इथूनच.

वाद घालायला हक्काचा विषय हवा असेल तर बिल वॉटरसन यांचा 'कॅल्विन अँड हॉब्ज' आणा. ही पट्टी 1985 च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि 31 डिसेंबर 1995 ला वॉटरसन यांनी ती आपणहून थांबवली. कॅल्विन हा लहान पोरगा एकटा असला की त्याचा हॉब्ज जिताजागता वाघ, दुसरं कोणी आलं की कापडाचं खेळणं. खरा कोणता? वॉटरसन यांनी निकाल दिला नाही. आमच्या ओट्यावर यावर अजून एकमत नाही आणि व्हावं असं मला वाटतही नाही. माझ्या नातवाला यात प्रश्नच दिसत नाही. "आजी, दोन्ही खरे," म्हणतो. पोरांना आधी बोलू द्या, मोठ्यांनी नंतर बोलावं.

इंग्रजी पट्टी एखाद्या आजीला सांगायची असेल तर शब्द मराठीत करत बसू नका, प्रसंग सांगा आणि चित्र दाखवा. मुखवटा घालणाऱ्या 'वेताळा'सारखी रोज पुढे सरकणारी चालू गोष्ट असेल तर नव्या माणसाला मागचं दोन वाक्यांत सांगा, नाहीतर तो नुसता मुखवटा बघत बसेल. वेताळाच्या गोष्टी ज्यांत यायच्या ते जुने इंद्रजाल कॉमिक्स वाचलेले लोक मात्र तासभर बोलतात, तेव्हा वेळ हातात ठेवून विचारा.

आवडलेली पट्टी कापून ठेवा. कापण्याआधी मागच्या बाजूला कोणाचं कोडं किंवा निधनवार्ता तर नाही ना, ते घरात विचारून घ्या. तारीख आणि पेपरचं नाव पेन्सिलने लिहा. कणकेची खळ लावू नका, तिला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पाकिटांची फाइल बरी. पेपरचा कागद उजेडात पिवळा पडतो, म्हणून फाइल कपाटात.

परगावी गेलेल्यांना मोबाइलवर फोटो पाठवायचा असेल तर पट्टी दोन फोटोंत पाठवा, शेवटची चौकट वेगळी. पहिल्या फोटोवर त्यांचा अंदाज आला की मगच दुसरा. आमची कॉलेजातली मुलगी सुट्टीत अमरावतीला मामाकडे जाते, तेव्हा तिला मी असंच पाठवते. अंदाज येईपर्यंत दुसरा फोटो जात नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.