बाळूसारखा मोठा, बुजरा कुत्रा घरी आणायचा असेल तर

पुण्याबाहेरच्या ज्या शेल्टरमधे मी दर रविवारी जाते तिथे बाळू नावाचा एक काळा कुत्रा आहे. लॅब्राडोर आणि ग्रेट डेनचा क्रॉस असावा असं व्हेट म्हणतात, वजन ३६ किलो, वय साधारण चार. दीड वर्ष झालं, त्याला कोणी नेत नाहीये. लोक येतात, पिल्लं बघतात, मग याच्या पिंजऱ्यापाशी येतात तर हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून अंग चोरून उभा, एवढं मोठं धूड आणि नुसतं थरथरतंय, मग म्हणतात नको बाबा, आजारी दिसतोय, नाहीतर चावेल. आणि हाच बाळू ओळखीच्या माणसाच्या मांडीवर हनुवटी टेकून अर्धा अर्धा तास पडून असतो, तुमचा हात थांबला की नाकाने तो हात वर ढकलतो, चालू ठेव म्हणून. तेवढं बघेपर्यंत लोक थांबतच नाहीत. असा कुत्रा घरी कसा आणायचा हे मला बाळूमुळे आणि त्याच्या आधी माझ्याच घरी आलेल्या मोतीमुळे जे कळलं ते सगळं लिहितेय, मोती पण असाच, ३२ किलोचा, चार वर्षं झाली त्याला येऊन.

पहिली गोष्ट, एका भेटीत ठरवू नका. शेल्टरमधे एक भुंकला की सगळे भुंकतात, दिवसभर तेच, त्यात बुजरं जनावर मिटूनच जातं. तिथला स्वभाव म्हणजे घरचा स्वभाव नाही. तीन-चार चकरा मारा, जमलं तर त्याच वेळेला. पिंजऱ्यासमोर उभं राहून वाकून हाका मारू नका, डोळ्यात डोळे घालून बघू नका. बाजूला तिरकं जमिनीवर बसा, हवं तर मोबाइल बघत बसा, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे थोडे लांब टाकत रहा आणि त्याने खाल्ले का हे बघायला मान वळवू नका. बाळूने पहिल्या रविवारी एकही तुकडा तोंडात घेतला नाही, मी गेल्यावर खाल्ले असं तिथल्या दादांनी सांगितलं. दुसऱ्या रविवारी मी असताना खाल्ले, पण मागचे दोन पाय जागचे न हलवता, नुसती मान ताणून. चौथ्या रविवारी आला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. लोकांना वाटतं पाठ केली म्हणजे रुसला, तसं नाही हो, घाबरून कोपऱ्यात तोंड लपवणं वेगळं आणि असं आपणहून जवळ येऊन पाठ करून बसणं वेगळं, हा भरवसा असतो. मग हळूच मागे रेलला, सगळं वजन माझ्या खांद्यावर, आणि एक लांब श्वास सोडला. त्या दिवशी मी एक तास तशीच बसून होते.

या चकरांमधेच शेल्टरवाल्यांना सगळं विचारून घ्या. इतर कुत्र्यांशी कसा आहे, मांजर चालतं का, पुरुषांना जास्त बिचकतो का, काठी किंवा झाडू बघून काय करतो, कसा आला इथे. बाळूला कोणीतरी पहाटे गेटला नायलॉनच्या दोरीने बांधून गेलं होतं. भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत जनावराला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे पण पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये, त्यामुळे कोणाला काही वाटतच नाही. असो. लसीचं कार्ड बघा, अँटी-रेबीज आणि नाइन-इन-वन (बऱ्याच आजारांची एकत्र लस) झालंय का, नसबंदी झालीये का, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, आणि सध्या खातो काय ते नीट लिहून घ्या.

"आमचा फ्लॅट लहान आहे" हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. मोठी कुत्री घरात बहुतेक वेळ झोपलेली असतात, त्यांना दोन वेळचं चांगलं फिरणं लागतं, बंगला नाही. बंगला आहे पण कुत्रा दिवसभर गेटला बांधलेला, त्यापेक्षा वन बीएचके बरं जिथे कोणीतरी माणूस जवळ असतं. मात्र घरात दोन-तीन वर्षांचं धावणारं मूल असेल किंवा सारखा पाहुण्यांचा राबता असेल तर बुजरा मोठा कुत्रा आत्ता नका घेऊ, दोघांवरही अन्याय होतो. आजी-आजोबा असलेलं घर मात्र अशा कुत्र्याला फार मानवतं असं मी बघितलंय, कारण ते एका जागी बसतात, आवाज चढवत नाहीत आणि त्यांना कसली घाई नसते.

घरी आणायच्या आधी एक कोपरा तयार ठेवा, दारापासून आणि टीव्हीपासून लांब, जिथे त्याच्या दोन बाजूंना भिंत असेल. जुनी गोधडी टाका, शेल्टरमधलं त्याच्या वासाचं एखादं फडकं मागून आणा आणि त्यावर ठेवा. आणि फरशी! हे कोणी सांगत नाही. आपल्या घरात सगळीकडे गुळगुळीत टाइल्स, मोठ्या कुत्र्याचे पाय त्यावर फाकतात, एकदा घसरला की तो त्या जागेलाच घाबरतो. मोती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दहा दहा मिनिटं उभा रहायचा, आम्हाला वाटायचं लाजतोय, मग मी सतरंज्या आणि जुन्या चटया अंथरून त्याच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत एक रस्ताच केला, तर दुसऱ्या दिवशी आला की आत. मोठ्या कुत्र्यांना पुढे सांध्यांचा त्रास होतो त्यामुळे त्या चटया आमच्याकडे कायमच्या आहेत.

आणायच्या दिवशी दोन पट्टे लावा, एक गळ्यातल्या कॉलरला, एक छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसला, आणि दोन्ही एका मोठ्या माणसाच्या हातात. इथे मी जीव तोडून सांगतेय. आमच्या शेल्टरमधून गेलेला एक कुत्रा सोसायटीच्या गेटपाशी गाडीतून उतरताना मागच्या बाइकच्या हॉर्नने दचकला, मागे सरकला, कॉलर डोक्यावरून निसटली आणि गेला. दोन रात्री सापडला नाही. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे खेचतं, आणि साधी कॉलर नेमकी तेव्हाच निघते. दोन बोटं जेमतेम आत जातील इतकीच सैल ठेवा, मागे खेचल्यावर आवळणारी मार्टिंगेल कॉलर मिळाली तर उत्तमच. आणि समजा निसटलाच तर मागे धावू नका, दहा जणांना घेऊन हाका मारत फिरू नका. खाली बसा, दुसरीकडे बघा, खाऊ टाका. दिसेनासा झाला असेल तर जिथून सुटला तिथेच त्याची गोधडी आणि खाणं ठेवून रात्री गर्दी कमी झाली की बसून रहा. तो कुत्रा तिसऱ्या पहाटे तिथेच आला.

घरात आल्यावरचं गणित साधारण तीनाचं धरतात. तीन दिवस नुसतं बावरलेपण, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांनी घर आपलं वाटायला लागतं. बुजऱ्या कुत्र्याला याच्या दुप्पट वेळ पण लागू शकतो. पहिल्या आठवड्यात पाहुणे नकोत, आंघोळ नको, नवीन कुत्रा आला म्हणून शेजारच्या मुलांची रांग नको. दोन दिवस खाल्लं नाही तरी पाणी पीत असेल तर जरा धीर धरा, त्यापुढे गेलं किंवा मलूल वाटला तर व्हेटला फोन. मोती अकरा दिवस डायनिंग टेबलखाली होता. दिवसा बाहेर काढून शू-शी करून आणायचो की परत टेबलाखाली. रात्री अडीचच्या सुमाराला सगळं शांत झालं की नखांचा टक टक आवाज यायचा, मग पाणी पिण्याचा लप लप, आणि मी अंथरुणात श्वास रोखून पडून असायचे, कूस सुद्धा बदलायचे नाही. बाराव्या रात्री तो आवाज आमच्या खोलीच्या दारापर्यंत आला.

कुरवाळायचं कसं, तर डोक्यावरून नाही. वरून आलेला हात त्याला मारायला आलेला वाटतो. त्याने जवळ येऊन हुंगलं की छातीला किंवा हनुवटीखाली तीन सेकंद हलकं खाजवा आणि हात काढून घ्या. पुढे सरकला, नाकाने ढोसलं तर परत करा. ओठ चाटले, जांभई दिली, मान फिरवली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं तर थांबा, तो नको म्हणतोय. गुरगुरला तर ओरडू नका, मागे सरका. गुरगुरण्यावर मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि थेट चावतं. तरीही कधी दात किंवा नख लागून ओरखडा उठला किंवा रक्त आलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

आवाजांची सवय हळू लावा. कुकरची शिट्टी, मिक्सर, झाडूचा सपकारा, हे आपल्या लक्षातही येत नाही. पहिले काही दिवस कुकर लावला की स्वयंपाकघराचं दार बंद करायचं आणि शिट्टी झाली की एक चिकनचा तुकडा. महिन्याभराने आमच्याकडे शिट्टी झाली की मोती स्वतःच उठून माझ्याकडे बघायला लागला. ढोल-ताशा आणि दिवाळीचे फटाके हा मात्र वेगळा विषय, तेव्हा खिडक्या बंद, पंखा फुल, संध्याकाळचं फिरणं अंधार पडायच्या आत उरकायचं, आणि फारच घाबरत असेल तर दिवाळीच्या आधीच व्हेटशी औषधाबद्दल बोलून ठेवा, ऐन वेळेला नको.

खाणं एकदम बदलू नका, सात ते दहा दिवसांत जुन्यात नवं मिसळत न्या. दूध-पोळी ही आपली जुनी सवय आहे पण वयात आलेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, हगवण लागते, त्यापेक्षा चिकन-भात, अंडं, थोडं दही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, म्हणजे आपल्या फोडणीच्या भाज्या बाद. शिजवलेली हाडं नाहीत. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाचं जेवण दोनदा विभागून द्या आणि जेवल्यावर तासभर पळवू नका, पोट फुगून पीळ पडू शकतो. पोट टम्म, उलटीचा उमाळा येतोय पण काही पडत नाहीये, अस्वस्थ येरझाऱ्या, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता सुद्धा उचलून न्या. शेल्टरच्या कुत्र्यांना गोचीड तापाचं पण लक्षात ठेवा, खाणं सुटलं, हिरड्या फिक्या पडल्या की रक्त तपासून घ्या.

सोसायटीचं आधीच बघा. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे ठराव करून सुद्धा सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण कागद नाचवत जाऊ नका, आधी वॉचमन काकांशी आणि शेजारच्यांशी त्याची लांबून ओळख करून द्या, महापालिकेचं लायसन्स काढून ठेवा, शी उचलायला पिशवी खिशात ठेवा. मोठा काळा कुत्रा लिफ्टमधे बघून कोणी घाबरलं तर त्यांना आधी जाऊ द्या, तुम्ही पुढच्या फेरीला जा. बुजऱ्या कुत्र्याला पण भरलेली लिफ्ट नकोच असते.

बाळूला भेटायला याल तेव्हा सकाळी दहानंतर या, तोवर पिंजरे धुऊन होतात आणि खाणं झालेलं असतं. त्याचा पिंजरा मागच्या रांगेत शेवटचा, आंब्याच्या झाडाखाली. चपला बाहेर काढू नका, त्याला चपलेवर हनुवटी ठेवायला आवडते. डाव्या कानामागे खाजवलेलं चालतं, उजव्या कानाला जुनी जखम आहे तिथे हात लावू नका. आणि पहिल्या दिवशी त्याने तुमच्याकडे बघितलं नाही तरी पुढच्या रविवारी परत या.