पावडर फाउंडेशन ब्रशला लागेना, लागलं तर चट्टे: माझा अनुभव

यवतमाळकडचं खेडं, मे महिना, पारा ४५ च्या आसपास, त्यात नात्यात लग्न. दाबलेलं पावडर फाउंडेशन आणि त्यासोबतचा दाट, चपट्या टोकाचा ब्रश. सुरुवातीला छान चाललं, मग ब्रशवर पावडर येईना; आली तर नाकाशेजारी चट्टे. जोरात घासून पाहिलं, ओला स्पंज लावला, खालून खोबरेलही (हे तर अजिबात नको). नुसता वैताग.

कारण डबीतच होतं. चेहऱ्याचं तेल ब्रशवाटे पावडरीवर जातं आणि वर चकचकीत, कडक थर धरतो.

त्या थरावर सेलोटेपचा तुकडा हलका दाबून उचलला, खालची मऊ पावडर दिसेपर्यंत. मग ब्रशचे फक्त केस कोमट पाण्यात बेबी शाम्पूने धुतले. दांड्याच्या जोडात पाणी गेलं की गोंद सुटतो. टॉवेलवर आडवा, सावलीत वाळवला.

लावताना आधी जेल मॉइश्चरायझर, दहा मिनिटं थांबून टिश्यूने टिपणं. ब्रश डबीत एकदाच फिरवून झटकायचा, गालापासून बाहेर दाबत जायचं. नाक-कपाळ शेवटी, ब्रशवर उरलेल्या पावडरीत. घाम आला तर आधी टिपा, मगच पावडर. आणि कूलरच्या झोतात बसून लावू नका; पावडर उडते, चेहराही ओलसर राहतो.