नाव झाकून पारख : कलावंताच्या सहीची गिटार किंवा बेस निवडताना

बेळगावच्या कॅम्प भागातील चर्चमध्ये वाजवणारा असो, टिळकवाडीतील कॉलेजच्या बँडमधला असो, किंवा गणेशोत्सवात निपाणी, संकेश्वर, चिकोडीच्या मंडपांतून एकाच रात्री मराठी, कन्नड आणि हिंदी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रातला असो, आपल्या भागातील वादकाचा हात पहिल्या साध्या गिटारवर बसला की दुसरी घेताना त्याला एक मोह हमखास होतो, आणि तो म्हणजे आवडत्या कलावंताच्या नावाचे सिग्नेचर मॉडेल. अशा वाद्यांबद्दल वादकांची मते टोकाची असतात. कोणी म्हणतो, दुसऱ्याच्या नावाची पाटी आपल्या गळ्यात कशाला? कोणी म्हणतो, एवढ्या पैशांत असे पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) आणि असा ब्रिज (तारांचा पेटीवरचा आधार) दुसरीकडे मिळणार नाही. कोणी, आणि हा बहुधा विक्रेताच असतो, सांगतो की पुढे विकताना किंमत चांगली येईल. ही तिन्ही मते आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यांतले आपल्या कामाचे कोणते, हे ताडून पाहण्याची रीत येथे मांडली आहे.

प्रथम तत्त्वाचा वाद निकालात काढावा. ‘सिग्नेचर मॉडेलला मी हात लावणार नाही’ असे निक्षून सांगणारे कितीतरी वादक लेस पॉल मात्र अभिमानाने वाजवतात. लेस पॉल हे एका वादकाचेच नाव आहे आणि गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये ती गिटार त्यांच्या नावाने बाजारात आणली होती. कंपनीने १९६१ मध्ये तिचा आकार बदलला, तो त्यांना रुचला नाही. पुढे त्या नव्या आकारावरून त्यांचे नाव उतरले आणि ती गिटार एसजी म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्या संगीतालाही ही कल्पना परकी नाही. बेळगावहून रेल्वेने मिरजेला जाऊन सतारमेकरांकडे सतार मागितली, तर रविशंकर पद्धतीची हवी की विलायत खाँ पद्धतीची, हे विचारले जाते. पहिलीत खर्ज आणि पंचमाच्या जाड तारा असतात, दुसरीत त्या वगळून गायकी अंगाला सोयीची मांडणी केलेली असते. तेथे कोणी दुसऱ्याच्या नावाची सतार घेण्यात कमीपणा मानत नाही. खर्जात किती काम करणार, एवढेच विचारतात. गिटारच्या दुकानातही प्रश्न हाच असावा.

त्यासाठी कंपनीच्या माहितीपत्रकावरील नाव, रंग, फ्रेटबोर्डवरील (तारांखालच्या, बोटे ठेवायच्या पट्टीवरील) नक्षी, वाद्य ठेवायची केस आणि प्रमाणपत्र हे सगळे खुशाल बोटाने झाकावे आणि उरलेला मजकूर त्याच कंपनीच्या साध्या मॉडेलच्या माहितीपत्रकाशेजारी ठेवून ओळीने वाचावा. जे फरक हाताला किंवा कानाला जाणवतील, त्यांवर खूण करावी. तशी एकही खूण झाली नाही, तर जादा पैसे नावाचे आहेत असे समजावे. त्या कलावंतावरील प्रेमापोटी कोणी ते देत असेल तर हरकत नाही, पण आपण कशाचे पैसे देत आहोत हे त्याला माहीत असावे. एकाच वाद्यावर दोन्ही प्रकारचे फरक असतात, हेही विसरू नये. आयर्न मेडन बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस यांच्या फेंडर प्रिसिजन बेसवर त्यांच्या आवडत्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचे चिन्ह आहे. अभंगांच्या कार्यक्रमात साथ करणाऱ्या आपल्या बेसवादकाने त्या चिन्हाचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच बेसवर त्यांच्यासाठी बनवलेला सेमूर डंकन कंपनीचा पिकअप आहे, त्याचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो.

खूण केलेल्या प्रत्येक फरकामागे बहुतेक वेळा त्या कलावंताची एखादी अडचण दडलेली असते. ती अडचण आपलीही आहे का, हे शोधणे हा या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

मंडपातील गुरगुर हे याचे चांगले उदाहरण आहे. रोषणाईचे डिमर, जनरेटर, अर्धवट अर्थिंग आणि लांबलचक केबल यांच्या गराड्यात साध्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गिटार उभी राहिली, की गाणे थांबल्यावरही स्पीकरमधून घरघर ऐकू येत राहते. फेंडर कंपनीने १९८८ मध्ये आणलेल्या एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्यासाठी कमी गुरगुर करणारे लेस सेन्सर पिकअप होते आणि नंतरच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी नॉइजलेस पिकअप आले. शिवाय तिच्यात मधल्या पट्टीचा (मिड) आवाज २५ डेसिबलपर्यंत उचलणारे सर्किट आहे, त्यामुळे पायाखाली पेडल नसतानाही ऱ्हिदमचा पातळ आवाज गिटारवरची एक कळ फिरवून सोलोसाठी भरदार करता येतो. एका गाण्यातून दुसऱ्यात उसंत न घेता शिरणाऱ्या ऑर्केस्ट्रातील वादकाला हे दोन्ही गुण उपयोगी पडतात, मग तो क्लॅप्टनचा चाहता असो वा नसो. पण हे सर्किट ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. अशा अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरच्या, वाद्यांपैकी काहींत बॅटरी संपल्यावर पॅसिव्हवर, म्हणजे बॅटरीविना, जाण्याची कळ असते. जेथे ती नसते, तेथे ऐन अंतऱ्यात आवाज फाटतो किंवा बंद पडतो. केबल खोचलेली राहिली तरी बॅटरी खर्च होत राहते, म्हणून कार्यक्रम संपताच ती काढावी.

पोकळ गिटारवर भावगीते किंवा जॅझ वाजवणाऱ्यांना शिटीचा, म्हणजे फीडबॅकचा त्रास होतो. आयबानेझने १९७७ मध्ये आणलेल्या जॉर्ज बेन्सन यांच्या जीबी १० मॉडेलची पेटी, म्हणजे गिटारचे अंग, नेहमीच्या जॅझ गिटारपेक्षा लहान ठेवली आहे ती मोठ्या आवाजाच्या रंगमंचावर हा त्रास कमी व्हावा म्हणूनच. अशा मॉडेलमध्ये नावामागे खरोखर विचार आहे, असे मी मानतो.

याउलट काही सोयी कलावंतासाठी सोय आणि आपल्यासाठी गैरसोय ठरतात. यंग्वी माल्मस्टीन यांच्या स्ट्रॅटोकास्टरचा फ्रेटबोर्ड प्रत्येक दोन फ्रेटांच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मध्ये खोलगट कोरलेला असतो. बोटाला लाकूड लागतच नाही, फक्त तार लागते; त्यामुळे तार ओढणे आणि आंदोलन देणे सोपे होते. मात्र बोट जरा जोरात दाबले की तार त्या खोलगट भागात खाली जाते आणि सूर चढतो. रात्रभर बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून) धरणाऱ्या वादकाच्या हातात ही गिटार बेसूर वाजण्याचीच शक्यता अधिक. स्टीव्ह वाय यांच्यासाठी १९८७ मध्ये आलेल्या आयबानेझ जेमचा दोन्ही टोकांना तारा जखडणारा ट्रेमोलो (दांडीने सूर हलवणारा ब्रिज) हाही तसाच आहे. तो सूर उत्तम धरून ठेवतो, पण एक तार तुटली की ब्रिजचा तोल जाऊन बाकीच्या पाचही चढतात, आणि गायकाच्या सोयीसाठी सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवायच्या तर पाना हाती घ्यावा लागतो. तरीही तो नेक (गिटारची मान) आणि तो ब्रिज हवाच असेल, तर त्याच घराण्यातील आरजी मालिका पाहावी. पेटीत कोरलेली मूठ आणि वाय यांचे नाव नको असणाऱ्यांची गरज ती भागवते. नावाशिवायचे असे भावंड प्रत्येक सिग्नेचर मॉडेलसाठी शोधण्याची सवय लावून घ्यावी.

शाळकरी मुलांसाठी किंवा लहान पंजाच्या वादकासाठी ब्रायन मे यांच्या नावाच्या गिटारचा विचार व्हावा. तिची स्केल, म्हणजे नटपासून (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, २४ इंच आहे. फेंडरची नेहमीची स्केल साडेपंचवीस इंच असते. हा दीड इंच खालच्या फ्रेटांवर बोटे ताणताना चांगलाच जाणवतो.

सिग्नेचर मॉडेलचा खरा फायदा गिटारपेक्षा बेसमध्ये अधिक होतो, असे माझे मत आहे, कारण बेसमध्ये नेकची जाडी आणि पिकअपची जागा यांत थोडा फरक पडला तरी हात आणि आवाज दोन्ही बदलतात. फेंडरने १९९८ मध्ये आणलेला गेडी ली जॅझ बेस त्यांच्या १९७२ च्या स्वतःच्या बेसवर बेतलेला असून त्याचा नेक विशेष बारीक आहे. जॅझ बेसची नटजवळची रुंदी मुळात सुमारे ३८ मिलिमीटर, तर प्रिसिजनची सहसा ४१ मिलिमीटरहून अधिक असते, त्यामुळे गिटारवरून बेसकडे वळलेल्याला तो बारीक नेक लगेच मानवतो. मार्कस मिलर यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्यांच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी प्रीअॅम्प (आवाज वाढवणारे, घडवणारे छोटे सर्किट) बसवला आणि तो अॅक्टिव्ह, झळाळता आवाज त्यांची ओळख बनला. त्याच धाटणीचे बेस सायर कंपनीने त्यांच्या नावाने मध्यमवर्गीय वादकाला परवडतील अशा किमतीत आणले, तेव्हा नाव आले की किंमत चढलीच पाहिजे, हा समज मोडला. एपिफोनचा जॅक कॅसडी बेस अर्धपोकळ, एकाच पिकअपचा आणि ३४ इंची पूर्ण स्केलचा आहे. भावगीतांना शोभेल असा गोल, भरलेला आवाज त्यात मिळतो. मात्र पेटी पोकळ असल्याने मोठ्या आवाजाच्या मॉनिटरसमोर तो वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

किमतीच्या पायऱ्यांबाबत एवढेच सांगता येईल की फेंडर आणि स्क्वायर, गिब्सन आणि एपिफोन, म्युझिक मॅन आणि स्टर्लिंग अशा जोड्यांत कलावंताचे नाव वरून खाली तसेच उतरते, पण पिकअप, ब्रिज, नट आणि ट्यूनिंगच्या खुंट्या तशाच उतरतात असे नाही. महागड्या मॉडेलबद्दल ऐकलेले मत स्वस्त मॉडेलला लावू नये.

मत विचारताना कोणाला आणि काय विचारतो, यालाही महत्त्व आहे. ‘कशी आहे?’ या प्रश्नाला ‘मस्त आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘दादा, हिच्यात काय काय बदललासा?’ असे विचारावे. ज्याने महिन्याभरात पिकअप काढून दुसरे बसवले, त्याने आपले मत तोंडाने न सांगता दिलेलेच असते. ज्याने तारांखेरीज काहीच बदलले नाही, त्याचे समाधानही तितकेच विश्वासार्ह असते. तो काय वाजवतो, कोठे वाजवतो आणि ते वाद्य विकण्याशी त्याचा काही संबंध आहे का, हेही जाणून घ्यावे. व्हिडिओतील आवाज महागड्या अॅम्पमधून आणि शांत खोलीत टिपलेला असतो. आपली गिटार मंडळाच्या मिक्सरमधून वाजणार आहे.

आपल्याकडे सिग्नेचर मॉडेल दुकानात टांगलेले क्वचितच दिसते. ते बंगळूर, पुणे किंवा मुंबईहून मागवावे लागते. म्हणून शक्य तर कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्यात कोणाकडे ते असल्यास हातात घेऊन यावे. प्रथम अॅम्प न लावता वाजवावे, म्हणजे आवाजाच्या मोहाआधी नेक कळतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहावे. तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट असणे ठीक. मुळीच नसेल तर तारा झणझणतील, फारच असेल तर नेक वाकला आहे. नंतर पट्टा लावून अर्धा तास उभे राहून वाजवावे, कारण चार किलोंहून जड असणारा बेस बसून वाजवताना तेवढा जड वाटत नाही आणि कार्यक्रमात उभेच राहायचे असते.

हवामानाचा विचार आपल्या जिल्ह्यात टाळता येत नाही. खानापूरच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात ते सुकते. एकाच जिल्ह्यात नेकची तऱ्हा दोन होते. म्युझिक मॅनच्या अनेक नेकवर जाड लाखेऐवजी तेल आणि मेणाचा पातळ थर असतो. हाताला तो सुखद लागतो, पण पावसाळ्यात अशा नेकची अधिक काळजी घ्यावी लागते, म्हणून वाद्याच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि वाजवून झाल्यावर नेक कोरड्या कापडाने पुसावा.

जुने सिग्नेचर मॉडेल घेताना मूळचे पिकअप, प्रीअॅम्प आणि ब्रिज जागेवर आहेत का, हे मागचे झाकण उघडून पाहावे, कारण वेगळेपणाचे पैसे त्यांच्याचसाठी असतात. हेडस्टॉकवरील (खुंट्यांच्या टोकावरील) सही बहुतेक वेळा कारखान्यात छापलेली असते. तिला कलावंताने हाताने केलेल्या सहीचा भाव देऊ नये. विकताना किंमत येईल, हे आश्वासन मर्यादित संख्येत निघालेल्या वाद्यांबाबत कधी खरे ठरते. नेहमीच्या मॉडेलला मात्र त्याच कलावंताचा चाहता गिऱ्हाईक म्हणून शोधावा लागतो, आणि बेळगाव-निपाणीच्या बाजारात साधी स्ट्रॅटोकास्टर किंवा साधा जॅझ बेस त्याहून लवकर खपतो.