स्ट्रॉबेरी: ऊतीसंवर्धनातून विषाणूमुक्त रोपे

ऊतीसंवर्धन म्हणजे रोपाचा छोटा तुकडा निर्जंतुक पोषक माध्यमात वाढवणे. मातृरोप (ज्यापासून रोपे करायची ते मूळ रोप) आधी ३७-३८ अंश सेल्सिअसला चार ते सहा आठवडे ठेवा. उष्णतेने विषाणूंची वाढ मंदावते. मग धावत्या फुटव्याचे कोवळे टोक घ्या. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटे बुडवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा.

खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली. वाढबिंदू (टोकातला नवीन वाढ देणारा भाग) ०.३ ते ०.५ मिमीच कापा, सोबत एखाद-दुसरा पर्णांकुर (पानाचा कोवळा कोंब). मोठा तुकडा जगतो हमखास, पण विषाणूही सोबत येतो. फार लहान घेतला तर काळा पडून मरतो.

हा वाढबिंदू एमएस (मुराशिगे-स्कूग) या पोषक माध्यमात लावा: लिटरला ३० ग्रॅम साखर, माध्यम घट्ट करणारे ७ ग्रॅम अगार, ०.५ मिलिग्रॅम बीएपी (फुटवे आणणारे संप्रेरक), सामू (पीएच) ५.८. तापमान २५ अंश, प्रकाश १६ तास. बीएपी वाढवून जास्त फुटवे काढायचा मोह टाळा: रोपे काचेसारखी, पाणचट होतात, वाणही बिघडू शकतो.

मुळांसाठी निम्म्या ताकदीचे, बीएपीविरहित माध्यम पुरते. बाहेर काढल्यावर अगार नीट धुवा, नाहीतर बुरशी ठरलेली. सुरुवातीला आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, मग हळूहळू कमी.

ऊतीसंवर्धित म्हणजे विषाणूमुक्त नव्हे! प्रत्येक वाढबिंदूपासूनची रोपे वेगळ्या क्रमांकाने ठेवा आणि आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणीत विषाणू न आढळल्यावरच वाढवा.