टाइमशेअरचा आठवडा बदलून घेताय? या चुका टाळा

दादाकडे टाइमशेअर आहे, म्हणजे एका रिसॉर्टची खोली दरवर्षी एक आठवडा वापरायचा विकत घेतलेला हक्क. मार्च संपत आला, सोलापूरचं ऊन चटके देऊ लागलं, आणि दादानं असे आठवडे सभासदांत बदलून देणाऱ्या एक्स्चेंज कंपनीला फोन लावला: "आमचा आठवडा घ्या, मेमध्ये उटी द्या." नाही मिळाली. वहिनींनी बॅगासुद्धा काढून ठेवल्या होत्या. दादाचा आठवडा पावसाळ्यातला, खोली स्टुडिओ, तोही बदलीसाठी कंपनीकडे उशिरा जमा केलेला. विकणाऱ्यानं मात्र "कुठंही जा, कधीही जा" असं सांगून सही घेतली होती.

एक्स्चेंज म्हणजे हॉटेलचं बुकिंग नव्हे. १९७४ पासूनची आरसीआय ही एक्स्चेंज कंपनी घ्या किंवा १९७६ पासूनची इंटरव्हल इंटरनॅशनल, साठा असतो तो मुख्यतः सभासदांनी जमा केलेल्या आठवड्यांचा. कुणी मेमधली उटी सोडली, तरच ती दुसऱ्याला मिळणार. आणि तुमच्या आठवड्याची अदलाबदलीतली किंमत ठरते सीझन, खोलीचा आकार, रिसॉर्टला असलेली मागणी आणि तुम्ही तो किती आधी जमा केला यावरून. म्हणून स्वस्तात मिळतोय म्हणून ऑफ सीझनचा आठवडा घेऊ नका. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

आमच्या शेजारच्या काकांकडे गोव्याचा जानेवारीतला आठवडा आहे. त्याच महिन्यातली सोलापूरची गड्ड्याची यात्रा आणि तिच्यातली नंदीध्वजांची मिरवणूक सोडून ते काही गोव्याला जायचे नाहीत! ते तो आठवडा वर्षभर आधीच जमा करतात आणि उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात.

मागणी नोंदवताना एकच गाव, एकच तारीख धरून बसू नका. तीन-चार ठिकाणं द्या, तारखा पुढं-मागं चालतील असं कळवा. वार्षिक मेंटेनन्स थकवलं तर आठवडा सहसा जमाच करता येत नाही. एक्स्चेंजची फी त्याहून वेगळी, दर वेळी भरायची. परदेशातल्या काही रिसॉर्टमध्ये जेवणाचे पैसे सक्तीनं घेतात. कन्फर्मेशनचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

तोंडी आश्वासन करारात लिहून घ्या. फसवणूक झालीच तर कंपनीच्या गावी खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथं, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा. करार आणि पावत्या हाताशी ठेवा.