ओट्याला धरून

२०२० च्या मार्चमध्ये जनता कर्फ्यू, मग लॉकडाऊन लागला आणि माझी आठवड्यातून तीनदा होणारी फिजिओथेरपी थांबली. एप्रिलच्या मध्यापर्यंत डावा पाय पुन्हा ओढला जायला लागला. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार, होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पाय गेला असं समजून मी खूप रडले. न्यूरॉलॉजिस्टनी फोनवर विचारलं, ताप आहे? लघवीला जळजळ? त्रास सलग चोवीस तास टिकतो का? यातलं काहीच नव्हतं, म्हणजे आजाराचा नवा झटका नव्हता. दुपारी वाढायचा, रात्री उतरायचा. पुण्याचा उन्हाळा आणि बसून राहिलेले पाय. अंग तापलं की मायलिन (नसांवरचं आवरण) झिजलेल्या नसांमधून संदेश नीट जात नाही, गार झालं की जातो. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलंय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा घरात अडकलो होतो. घरी व्यायाम करायची माझी पद्धत सांगते. तुमच्या डॉक्टरांना विचारून तुमच्यापुरती बदलून घ्या.

सकाळी सहाला, गॅलरीत ऊन यायच्या आत सुरुवात करा. मानेवर ओला पंचा, समोर टेबलफॅन, हाताशी माठातलं पाणी. फरशी नुकतीच पुसली असेल तर वाळू द्या. पायात सपाता नकोत, मागून बंद असलेले बूट घाला. माझ्या डाव्या पायातून सपात कधी निसटते ते मला कळतच नाही, आणि एकदा तशीच पडलेय.

दोन्ही तळवे ओट्यावर सपाट टेका. नळाला किंवा कपाटाच्या मुठीला धरू नका. मागे चाकं नसलेली खुर्ची ठेवा. तीन आकडे मोजत टाचा उचला, तीन मोजत खाली. दहा वेळा. मग खुर्चीत बसा-उठा, पाच वेळा. त्यानंतर ओट्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत चालायचं. माझ्याकडे ती चौदा पावलं होतात.

एका दमात पंधरा मिनिटं करू नका. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं करा. दुसऱ्या दिवशी अंग उचलेना तर निम्मं करा, पण बंद करू नका. लशीनंतर ताप आला तर तो दिवस झोपून काढा.

मनाचं काय? संध्याकाळची पाच मिनिटं मी मैत्रिणीशी स्पीकरवर बोलत चालते. कोरोनाचे आकडे काढायचे नाहीत असं तेव्हा आमचं ठरलं होतं. तरीही २०२० च्या जूनमध्ये मी ढासळले होते, आणि घरचे म्हणायचे, थकवा आहे. माझा नेहमीचा एमएसचा थकवा विश्रांतीने थोडा तरी उतरतो. तेव्हा मात्र झोपूनही चहाची चव लागेना, मैत्रिणीचा फोन वाजत असला तरी उचलावासा वाटेना. असं दोन आठवडे चाललं तर न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा, ‘मला उदास वाटतंय.’ एमएसमध्ये नैराश्य सर्रास येतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. जगणं नको वाटलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारा.

मला नैराश्यावरची गोळी सुरू झाली. ऑगस्टमध्ये एकदा फोन वाजला, तेव्हा मी गॅलरीच्या दाराशी होते. चौदा पावलं चालून गेले आणि उचलला.